कान्होजी आंग्रे

कान्होजी तुकोजी आंग्रे (इ.स. १६६९ च्या सुमारास – ४ जुलै १७२९) हे मराठा आरमाराचे सरखेल, म्हणजे सेनापती होते. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून सुमारे तीन दशके कोकण किनाऱ्यावरील मराठ्यांची सागरी सत्ता त्यांच्या हाती होती. कुलाबा, खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग ही त्यांची प्रमुख ठाणी. इंग्रज, पोर्तुगीज, डच आणि जंजिऱ्याचा सिद्दी या चारही सागरी सत्तांशी त्यांनी झुंज दिली आणि आपल्या हयातीत यांपैकी एकही प्रमुख जलदुर्ग गमावला नाही. आजच्या रायगड जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेले अलिबाग हे बंदर आणि शहर त्यांच्याच काळात नावारूपाला आले. त्यामुळे कान्होजींचे चरित्र आणि अलिबागचा इतिहास परस्परांपासून वेगळे काढता येत नाहीत.

या लेखातील कुलाबा म्हणजे अलिबागच्या किनाऱ्यासमोरील जलदुर्ग होय. मुंबई शहराच्या दक्षिण टोकाचा कुलाबा हा भाग वेगळा.

घराणे आणि पूर्वायुष्य

आंग्रे घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. पुणे प्रांतातील काळोसे गावाच्या आंगरवाडी या वाडीवरून त्यांना आंग्रे हे नाव पडले. कान्होजींचे वडील तुकोजी हे शिवाजी महाराजांच्या सेवेत होते. डोंगराळ मुलखातील हे घराणे तुकोजींच्या चाकरीमुळे समुद्राकाठी आले. कान्होजींचे बालपण आणि तारुण्य हर्णैजवळील सुवर्णदुर्गाच्या परिसरात गेले. कोळी, भंडारी, गाबीत आणि खारवी या दर्यावर्दी समाजांच्या सहवासात त्यांना वारा, भरती-ओहोटी आणि खडकाळ किनारा यांचे ज्ञान मिळाले. पुढील आयुष्यात हेच ज्ञान त्यांचे मोठे बळ ठरले.

त्यांच्या उदयाविषयी एक कथा परंपरेने सांगितली जाते. सुवर्णदुर्गाचा किल्लेदार अचलोजी मोहिते हा किल्ला सिद्दीच्या स्वाधीन करण्याच्या विचारात असल्याचे तरुण कान्होजींना कळले. त्यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने त्याला कैद केले आणि वेढा पडलेला किल्ला नेटाने लढवला, असा या कथेचा आशय आहे. तपशिलांविषयी मतभेद असले, तरी सुवर्णदुर्गाच्या रक्षणातून त्यांचे नाव पुढे आले, ही गोष्ट सर्वसाधारणपणे मान्य केली जाते.

तत्कालीन परिस्थिती

शिवाजी महाराजांनी आरमाराचा पाया घातला, तेव्हा किनाऱ्यावरील परिस्थिती बिकट होती. जंजिऱ्यावर सिद्दी होता, चौल-रेवदंडा आणि वसई पोर्तुगिजांकडे होती आणि मुंबई बेट इंग्रजांच्या ताब्यात होते. जंजिरा घेण्याचे प्रयत्न यशस्वी न झाल्याने महाराजांनी त्याला शह देणारी ठाणी उभी केली. इ.स. १६७९ मध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर तटबंदीचे काम सुरू झाले. इ.स. १६८० च्या मार्च महिन्यात अलिबागसमोरील खडकावर कुलाबा किल्ल्याच्या बांधकामास आरंभ झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ३ एप्रिल १६८० रोजी महाराजांचे निधन झाले. किल्ल्याचे काम संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत पूर्ण झाले.

इ.स. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली. त्याच वर्षी रायगड मोगलांच्या हाती पडला आणि राजाराम महाराजांना जिंजीकडे जावे लागले. मध्यवर्ती सत्ता अशी दूर गेल्याने कोकणातील किल्ल्यांना पैसा आणि मनुष्यबळ यांचा पुरवठा होणे कठीण झाले. या काळात आरमाराची धुरा सिधोजी गुजर यांच्याकडे होती आणि कान्होजी त्यांच्या हाताखाली लढत होते. सिद्दी आणि मोगल यांच्या दबावाखाली गेलेली किनाऱ्यावरील ठाणी त्यांनी एकामागून एक सोडवून घेतली. सिधोजी गुजर यांच्या निधनानंतर, इ.स. १६९८ च्या सुमारास, सरखेलपद कान्होजींकडे आले. पुढे त्यांनी कुलाबा हे आपले मुख्य ठाणे केले.

कुलाबा आणि अलिबाग

कुलाब्याची निवड विचारपूर्वक झालेली होती. उत्तरेस खांदेरी आणि त्यापलीकडे मुंबई, दक्षिणेस पोर्तुगिजांचे रेवदंडा व कोर्लई आणि त्याहून दक्षिणेस जंजिरा, अशा तिन्ही प्रतिस्पर्ध्यांच्या मध्ये हे ठाणे होते. येथून मुंबईत ये-जा करणाऱ्या प्रत्येक जहाजावर नजर ठेवता येत असे. ओहोटीच्या वेळी किल्ल्यापर्यंत पायी चालत जाता येते, तर भरतीच्या वेळी तो चहूबाजूंनी पाण्याने वेढला जातो. समुद्राकडून येणाऱ्या शत्रूला उथळ पाणी आणि खडक आडवे येत. जमिनीकडून येणाऱ्याला दिवसातून दोनदा येणाऱ्या भरतीचा हिशेब करावा लागे. किल्ल्याच्या तटातील प्रचंड दगड चुन्याशिवाय एकमेकांवर रचलेले आहेत. सांध्यांमध्ये पाणी शिरून लाटांचा जोर ओसरतो आणि तट टिकून राहतो. चहूकडे खारे पाणी असूनही किल्ल्यात गोड्या पाण्याची सोय आहे. मुख्य किल्ल्याच्या उत्तरेस सर्जेकोट हा छोटा जोडकिल्ला आहे.

किल्ल्यासमोरील किनाऱ्यावर पूर्वी नारळी-पोफळीच्या वाड्या आणि विहिरी होत्या. अली नावाच्या एका धनिकाने या परिसरात विहिरी खोदल्या व बागा लावल्या आणि त्यावरून अलिबाग हे नाव रूढ झाले, अशी स्थानिक आख्यायिका आहे. कान्होजींच्या काळात या वस्तीला शहराचे रूप येऊ लागले. आरमारासाठी सुतार, लोहार, शिडे शिवणारे, काथ्याचे दोर वळणारे, खलाशी आणि गोलंदाज यांची सतत गरज असे. त्यांच्या पाठोपाठ व्यापारी, सावकार आणि कारकून येऊन स्थायिक झाले. सह्याद्रीच्या जंगलातील सागवान जहाजबांधणीला उपयोगी पडत होते, तर मिठागरे, भातशेती आणि नारळाच्या बागा शहराच्या अर्थकारणाला आधार देत होत्या. इ.स. १७२० मध्ये कान्होजींनी शहरात हिराकोट हा भुईकोट बांधला. ‘अलिबागी रुपया’ या नावाने ओळखले जाणारे चांदीचे नाणेही त्यांनी सुरू केल्याचे सांगितले जाते.

आरमार आणि युद्धपद्धती

कान्होजींच्या आरमारात गुराब आणि गलबत या दोन प्रकारच्या जहाजांना विशेष महत्त्व होते. गुराब हे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, रुंद आणि उथळ तळाचे जहाज असे. त्याच्या नाळेवर, म्हणजे पुढील भागावर, मोठ्या तोफा रोखलेल्या असत आणि दोन्ही बाजूंना लहान तोफांच्या रांगा असत. गलबत हे त्याहून लहान आणि हलके असून शिडांबरोबरच चाळीस ते पन्नास वल्ह्यांच्या साहाय्याने चालवले जाई. वारा पडला की युरोपीय जहाजे जागीच खिळून राहत. अशा वेळी गलबते गुराबांना दोरांनी ओढत शत्रूच्या पिछाडीकडे नेत. तेथे शत्रूच्या तोफांचा मारा कमी पोहोचत असे. प्रथम शिडे आणि डोलकाठ्या तोफांनी निकामी करायच्या, मग सर्व बाजूंनी भिडून शस्त्रधारी सैनिकांनी जहाजावर चढायचे, अशी ही पद्धत होती.

खुल्या समुद्रात मोठ्या युद्धनौकांशी समोरासमोर लढणे कान्होजी शक्यतो टाळत. शत्रू बलाढ्य असल्यास त्यांची जहाजे खाडीत किंवा किल्ल्याच्या तोफांच्या आश्रयाला जात. खोल बुडाच्या युरोपीय नौकांना तेथे पाठलाग करता येत नसे. वाघोटण खाडीच्या मुखावरील विजयदुर्ग या दृष्टीने अत्यंत सोयीचा होता आणि तेथे जहाजबांधणी व दुरुस्तीही होत असे. पावसाळ्यात दर्या बंद राही. त्या काळात जहाजे खाड्यांत ओढून त्यांची डागडुजी केली जाई आणि नारळी पौर्णिमेनंतर नवा हंगाम सुरू होई.

आरमाराच्या खर्चाचा मोठा भाग समुद्रावरूनच मिळत असे. मराठ्यांच्या हद्दीतील समुद्रात व्यापार करणाऱ्या जहाजांनी सरखेलाचे दस्तक, म्हणजे परवाना घ्यावा आणि त्यासाठी ठराविक रक्कम भरावी, असा कान्होजींचा आग्रह होता. पोर्तुगीजही आशियाई व्यापाऱ्यांकडून परवान्याची अशीच सक्ती करत आले होते. दस्तक नसलेली जहाजे आंग्र्यांचे आरमार जप्त करी. इंग्रजांना ही मागणी मान्य नव्हती. कंपनीच्या जहाजांनी परवाना घेण्याचा प्रश्नच येत नाही, अशी त्यांची भूमिका होती. पुढील संघर्षाचे मूळ या मतभेदात आहे.

शाहू महाराज आणि इ.स. १७१४ चा तह

इ.स. १७०७ मध्ये औरंगजेबाच्या मृत्यूनंतर शाहू महाराजांची मोगलांच्या कैदेतून सुटका झाली. छत्रपतिपदावरून ते आणि महाराणी ताराबाई यांच्यात यादवी सुरू झाली. राजाराम महाराजांच्या निधनानंतर ताराबाईंनीच मोगलांविरुद्धचा लढा चालवला होता आणि कान्होजी त्यांच्या पक्षात होते. इ.स. १७१३ मध्ये शाहू महाराजांनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कान्होजींवर पाठवले. कान्होजींनी घाट चढून लोहगड घेतला आणि पेशव्यांनाच कैद केले. आरमाराचा सेनापती सह्याद्री ओलांडून आल्यामुळे साताऱ्याच्या गादीलाही धोका निर्माण झाला.

या पेचातून मार्ग काढण्याचे काम बाळाजी विश्वनाथ भट यांच्याकडे सोपवण्यात आले आणि इ.स. १७१३ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांना पेशवेपद मिळाले. बाळाजी मूळचे समुद्रकाठच्या श्रीवर्धनचे. कोकणातील राजकारण आणि सिद्दीचा त्रास त्यांनी जवळून अनुभवला होता. लढाईऐवजी वाटाघाटींचा मार्ग त्यांनी निवडला. इ.स. १७१४ च्या तहानुसार कान्होजींनी शाहू महाराजांचे स्वामित्व मान्य केले आणि बहिरोपंतांची सुटका केली. त्याबदल्यात त्यांचे सरखेलपद कायम झाले. खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, जयगड यांसह दहा किल्ले आणि सोळा लहान ठाणी त्यांच्याकडे राहिली. या तहामुळे मराठा राज्यातील फूट मोठ्या प्रमाणात भरून निघाली आणि किनाऱ्यावरील शत्रूंशी लढताना कान्होजींना साताऱ्याचा आधार मिळाला.

इंग्रजांशी संघर्ष

इ.स. १७१२ च्या नोव्हेंबरमध्ये आंग्र्यांच्या आरमाराने मुंबईचा गव्हर्नर विल्यम एस्लाबी याची सशस्त्र नौका पकडली. तीवर कारवारच्या वखारीचा प्रमुख थॉमस चाउन आणि त्याची पत्नी प्रवास करत होते. चकमकीत चाउन ठार झाला आणि त्याची तरुण पत्नी कैद झाली. ताराबाईंच्या पक्षातील कान्होजींवर त्या वेळी शाहू महाराजांच्या फौजेचे संकट घोंघावत होते. एकाच वेळी दोन आघाड्यांवर लढणे टाळण्यासाठी त्यांनी इंग्रजांशी समझोता केला. इ.स. १७१३ च्या फेब्रुवारीत ३०,००० रुपयांची खंडणी घेऊन कैद्यांना सोडण्यात आले आणि कंपनीच्या जहाजांना त्रास न देण्याचे ठरले. परंतु कोणती जहाजे कंपनीची मानायची, हा प्रश्न अनिर्णित राहिला. खासगी व्यापाऱ्यांच्या आणि भारतीय सावकारांच्या मालावरही इंग्रज आपले संरक्षण सांगू लागले. कान्होजींनी ते मानले नाही आणि तह टिकला नाही.

इ.स. १७१५ च्या अखेरीस चार्ल्स बून मुंबईचा गव्हर्नर म्हणून आला. त्याने शहराच्या तटबंदीकडे लक्ष दिले, नव्या युद्धनौका बांधल्या आणि आंग्र्यांचा नाश करण्याचा निश्चय केला. इ.स. १७१७ मध्ये इंग्रजांनी विजयदुर्गावर हल्ला केला. तोफांचा तटावर परिणाम झाला नाही, चढाईसाठी आणलेल्या शिड्या आखूड पडल्या आणि त्यांना माघार घ्यावी लागली. इ.स. १७१८ मध्ये बून स्वतः खांदेरीवर चालून गेला. तेथेही सैन्य उतरवण्याचा प्रयत्न फसला. इ.स. १७२० मध्ये वॉल्टर ब्राउन याच्या नेतृत्वाखाली विजयदुर्गावर पुन्हा मोहीम निघाली. उथळ पाण्यातून किल्ल्याजवळ जाता यावे, म्हणून ‘फ्रॅम’ नावाचा तरंगता तोफखाना खास बांधून आणला होता. तोही निरुपयोगी ठरला.

कुलाब्यावरील संयुक्त स्वारी

वारंवार अपयश आल्यावर इंग्रजांनी पोर्तुगिजांशी युती केली. इ.स. १७२१ मध्ये कुलाबा घेण्याचा संयुक्त बेत ठरला. मादागास्करकडील चाच्यांचा बंदोबस्त करण्यासाठी इंग्लंडच्या राजाने कमोडोर थॉमस मॅथ्यूज याला चार युद्धनौकांसह पाठवले होते. त्याचीही मदत मिळाली. इ.स. १७२१ च्या डिसेंबरमध्ये दोन्ही सैन्ये चौलच्या बाजूने अलिबागकडे निघाली.

कान्होजींनी साताऱ्याकडे मदत मागितली होती. शाहू महाराजांच्या आज्ञेने तरुण पेशवे पहिले बाजीराव आणि पिलाजी जाधव मराठा घोडदळासह कोकणात उतरले. किल्ल्यावर थेट चाल करणाऱ्या इंग्रज तुकडीला जबर नुकसान सोसावे लागले. त्याच सुमारास मराठा घोडदळाने पोर्तुगीज फौजेवर हल्ला केला, त्यांची फळी मोडली आणि इंग्रजांनाही मागे हटावे लागले. दोन्ही मित्रांनी पराभवाचा दोष एकमेकांवर टाकला. मॅथ्यूज या मोहिमेत जखमी झाल्याचे समकालीन वृत्तान्तात म्हटले आहे. इ.स. १७२२ च्या जानेवारीत पोर्तुगिजांनी इंग्रजांना बाजूला ठेवून मराठ्यांशी स्वतंत्र तह केला. बून त्याच महिन्यात हिंदुस्थान सोडून गेला.

अलिबागच्या इतिहासात या लढाईला विशेष स्थान आहे. आरमाराने समुद्राकडून आणि घोडदळाने जमिनीकडून एकाच ठाण्याचे रक्षण केले. इ.स. १७१४ च्या तहाचे मोल येथे दिसून आले. सरखेल आणि पेशवे एकत्र असतील, तर कोकण किनारा सुरक्षित राहतो, हा या विजयाचा अर्थ होता.

इ.स. १७२४ मध्ये डचांनी सात जहाजांच्या ताफ्यासह विजयदुर्गावर हल्ला केला. तोही परतवून लावण्यात आला.

निधन

४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचे निधन झाले. अलिबाग शहरात त्यांची समाधी आहे. सेखोजी, संभाजी, मानाजी, तुळाजी, येसाजी आणि धोंडजी हे त्यांचे पुत्र होत.

वारसदार आणि आरमाराचा अस्त

कान्होजींनंतर सेखोजी सरखेल झाले. इ.स. १७३३ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर भावांमध्ये कलह सुरू झाला. इ.स. १७३५ मध्ये बाजीरावांनी दौलतीची विभागणी केली. मानाजींना वजारतमाब या किताबासह कुलाबा मिळाला, तर संभाजींना सरखेलपद आणि दक्षिणेकडील सुवर्णदुर्ग-विजयदुर्ग ही ठाणी मिळाली. कान्होजींनी एकसंध ठेवलेले आरमार अशा रीतीने दुभंगले.

संभाजींच्या मृत्यूनंतर विजयदुर्गाची सत्ता तुळाजींकडे आली. ते पराक्रमी होते, परंतु पेशव्यांशी त्यांचे वितुष्ट आले. नानासाहेब पेशव्यांनी त्यांच्याविरुद्ध इंग्रजांची मदत घेतली. इ.स. १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्स याने सुवर्णदुर्ग घेतला. इ.स. १७५६ च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला. या लढाईत तेथील मराठा आरमार जळून खाक झाले आणि तुळाजींचे उरलेले आयुष्य कैदेत गेले. पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना तुल्यबळ ठरेल, असे आरमार त्यानंतर मराठ्यांकडे राहिले नाही. ज्या शत्रूविरुद्ध इ.स. १७२१ मध्ये पेशवे आणि सरखेल खांद्याला खांदा लावून लढले होते, त्याच शत्रूच्या हातून आणि पेशव्यांच्या संमतीने हे घडले. त्यामुळे मराठ्यांच्या सागरी इतिहासातील ही सर्वांत दुःखद घटना मानली जाते.

कुलाब्याची शाखा त्यानंतरही टिकून राहिली. मानाजींचे पुत्र रघुजी यांच्या काळात अलिबागला स्थैर्य लाभले आणि कुलाबा किल्ल्यातील सिद्धिविनायकाचे मंदिर त्यांनीच बांधले. औरस वारस न उरल्याने इ.स. १८४० मध्ये हे संस्थान ब्रिटिशांनी खालसा केले. पुढे कुलाबा जिल्हा स्थापन झाला आणि अलिबाग त्याचे मुख्य ठिकाण बनले. इ.स. १९८१ मध्ये या जिल्ह्याचे नाव रायगड असे करण्यात आले.

मूल्यमापन

समकालीन इंग्रज आणि पोर्तुगीज कागदपत्रांत कान्होजींचा उल्लेख बहुधा चाचा म्हणून येतो. आरमारी मोहिमांत सहभागी असलेला क्लेमेंट डाउनिंग याने इ.स. १७३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकानेही ही प्रतिमा इंग्लंडमध्ये दृढ केली. जहाजांची जप्ती, मालाची लूट आणि कैद्यांसाठी खंडणी या गोष्टी घडल्या होत्या आणि त्याची झळ निरपराध व्यापाऱ्यांनाही बसली, हे नाकारता येत नाही. तथापि, चाचा हा कोणत्याही राज्याचा अधिकारी नसतो. कान्होजी छत्रपतींनी नेमलेले सरखेल होते, त्यांच्याकडे मुलूख आणि महसूल होता आणि ते परकीय सत्तांशी तह करत होते. परवान्याची सक्ती आणि विनापरवाना जहाजांची जप्ती हे मार्ग त्या काळी युरोपीय सत्ताही वापरत होत्या. म्हणून या समुद्रावर अधिकार कोणाचा, हाच वादाचा खरा मुद्दा होता, असे आधुनिक इतिहासकार मानतात.

त्यांच्या सामर्थ्याला मर्यादाही होत्या. त्यांचे आरमार किनाऱ्यालगत प्रबळ होते, पण दूर समुद्रात मोठ्या युद्धनौकांचा पाडाव करू शकेल असे जड तोफांचे ताफे त्यांनी उभारले नाहीत. जंजिरा त्यांच्या हयातीत जिंकला गेला नाही. शिवाय आरमाराची व्यवस्था एका घराण्याच्या कर्तृत्वावर अवलंबून राहिल्याने, त्या घराण्यात फूट पडताच ती कोसळली.

स्मृती

स्वातंत्र्योत्तर काळात भारतीय नौदलाने मुंबईतील आपल्या तळाला ‘आयएनएस आंग्रे’ हे नाव दिले. खांदेरी बेटालाही कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले असून तेथील दीपगृह त्यांच्या नावाने ओळखले जाते. इ.स. १९९९ मध्ये भारतीय टपाल खात्याने आंग्र्यांच्या आरमारातील गुराबाचे चित्र असलेले तिकीट प्रसिद्ध केले. अलिबाग येथील त्यांची समाधी, हिराकोट आणि ओहोटीच्या वेळी पायी गाठता येणारा कुलाबा किल्ला ही त्यांच्या काळाची आजही पाहता येणारी स्मारके आहेत.